वापरात नसलेला पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे, आणि मी रागीट आहे.

पलंगाने रागीट असू नये असं तुम्हाला वाटत असेल. तुमच्या घरातले झोपायचे पलंग नसतीलही. पण मी आजाऱ्याचा पलंग आहे. माझ्या पायथ्याशी एक हँडल आहे, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आहेत, म्हणजे झोपेत कुणी खाली पडू नये. ज्याच्या अंगावर सतत कुणी ना कुणी कण्हत असतं, त्याला राग येणारच. माणूस कण्हून मोकळा होतो. मला कण्हता येत नाही. मी नुसता करकरतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "याला तेल घाला रे जरा."

मला एका वेल्डरने घडवलं. त्याची एक सवय होती. पलंग तयार झाला की तो डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवायचा, स्वतः त्यावर आडवा व्हायचा आणि हात जोडून म्हणायचा, "देवा, याच्यावर जो येईल त्याला लवकर उठव." आम्हा पलंगांच्या कानात पडलेला पहिला शब्द तो. तुम्हाला जन्मल्याबरोबर 'मोठा हो' म्हणतात, मला 'रिकामा हो' म्हणाले. पण मी ते मनापासून घेतलं.

पहिली कितीतरी वर्षं मी एका इस्पितळाच्या वॉर्डात होतो. तिथे माझी वाहवा व्हायची. "हा खिडकीजवळचा पलंग शहाणा आहे, हँडल कधी अडत नाही," असं सिस्टर म्हणायच्या. मग बटणावर चालणारे पलंग आले आणि शहाण्याला जिन्याखाली ढकललं. माझ्या अंगावर मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे रचले. एका पावसाळ्यात माझा डावा कठडा गंजला, कुणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी मला एका दुकानदाराने उचललं. तो पलंग, वॉकर, चाकाच्या खुर्च्या भाड्याने द्यायचा. तेव्हापासून मी घरोघर फिरतो.

घरोघर फिरताना एक शिकलो. काही लोक आजाऱ्याला भेटायला येतात, माझ्या काठावर ऐसपैस बसतात आणि नेमक्या याच दुखण्याने कोण कोण गेलं त्याची यादी सांगतात. अशांचं बोट कठड्याच्या सांध्यात सापडलं की ते लगेच उठतात आणि घरी जातात. अशी पुष्कळ बोटं सापडली आहेत. एकाचंही मला वाईट वाटत नाही.

पण या सगळ्यांवरचा माझा राग म्हणजे पाण्यावरची रेघ. खरा राग एकाच माणसावर आहे. त्याची गोष्ट सांगतो.

एकदा मला ज्या घरी नेलं, तिथले आजोबा एका मोठ्या हॉटेलचे दरवान होते. अख्खा जन्म त्यांनी दारात उभं राहून काढला. दार उघडायचं, किंचित वाकायचं, "या साहेब" म्हणायचं, आणि पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत हलायचं नाही. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. मीटर बघणारा आला तरी उभे, सिलिंडरवाला आला तरी उभे. शेजारणीचं मांजर आलं तरी म्हणे दार धरून ठेवायचे. गल्लीतली मुलं त्यांना उभेआजोबाच म्हणायची.

ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि मग जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, रोज शिकलेल्या सिस्टरकडून ड्रेसिंग हवं, शिरेतून इंजेक्शन हवं. ते घरी जमत असेल तर घरी, नाहीतर पुन्हा भरती.

आजोबांनी लेकीचं मनगट धरलं. "बाळ, तिकडे परत नको. तिथलं दार आपोआप उघडतं. माणूस आला काय, गेला काय, कुणाला पत्ता नसतो."

लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. घरात दोघंच. तिने बाबांचा विमा वेळच्या वेळी भरला होता, आणि त्यात घरी उपचार घेण्याची सोय आहे हेही तिला ठाऊक होतं. तिने कंपनीला लिहिलं, 'बाबांना सांभाळायला घरी एक सिस्टर हवी आहे.' साधं, सरळ वाक्य. तेच पुढे नडलं. पण ते कसं, हे आत्ताच सांगत नाही.

कंपनीचं उत्तर आलं, की आधी आमचा माणूस घरी येऊन पाहणी करेल. तोपर्यंत लेकीने पदरमोड करून एक सिस्टर लावली. सिस्टरच्या हाताला गुण होता. जखम भरायला लागली होती.

पाहणीसाहेब येणार त्या दिवशी घरात काय धांदल उडाली! लेकीने सलाईनचा स्टँड दाराच्या पाठी लपवला. ड्रेसिंगचा ट्रे कपाटात, बेडपॅन न्हाणीघरात. माझ्यावर नवी कोरी चादर घातली, तिला एक सुरकुती म्हणून नाही.

"हे कशाला सगळं आवरतेयस?" सिस्टरने विचारलं.

"अहो, कुणी यायचं म्हटल्यावर घराचा दवाखाना झालेला बरा दिसतो का? तुम्हीसुद्धा आज जरा उशिरा या."

सिस्टर गेली. लेकीने आजोबांना माझ्यावर नीट निजवलं. "बाबा, हलायचं नाही हं."

"नाही हलत," आजोबा म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मला ठाऊक आहे, त्यांचं सगळं वजन माझ्यावर निवांत होतं.

मग बेल वाजली.

लेक स्वयंपाकघरात चहा टाकत होती. आजोबांचे पाय माझ्यावरून उतरलेसुद्धा! खुंटीवरचा कोट अंगात गेला, वॉकर हातात आला. दात आवळून, पाय ओढत ते दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि किंचित वाकले. "या साहेब, या."

"अरे वा! आजोबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत," पाहणीसाहेब म्हणाला. "काय, कसे आहात?"

"मजेत!"

लेक बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच खांबासारखी उभी राहिली. डोळ्यांनी खुणा करत होती, पडा, पडा. पण पाहुणा बसल्याशिवाय दरवान बसतो कुठे? पाहणीसाहेबाने आधी हातातली बॅग ठेवायला जागा शोधली. खुर्ची होती, टेबल होतं. त्याने ती माझ्यावर ठेवली, बरोबर जिथे आजोबांचा दुखरा खुबा टेकायचा तिथे.

"हा पलंग कुणासाठी?"

"भाड्याने आणलाय, बाबांसाठी," लेक घाईने म्हणाली.

त्याने चादरीवरून हात फिरवला. "वापरता का आजोबा?"

आणि आजोबांनी, ज्यांची पाठ मी रात्रंदिवस तोलली होती त्यांनी, हसून सांगितलं, "छे हो! पोरीची हौस."

लोखंडाला मेल्याहून मेल्यासारखं कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

चहा झाला. साहेब उठला. आजोबा त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले आणि तो खाली उतरेपर्यंत दार धरून उभे राहिले. मग परत आले ते माझ्यावर कोसळलेच. नव्या चादरीवर लाल डाग पसरत गेला. सिस्टर आली, तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, अहो बांधलेलं घर एका सलामापायी पाडलंत."

काही दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. लेकीने ते माझ्या पायथ्याशी उभं राहून वाचलं. रुग्ण स्वतः दार उघडण्यास आला. घरात उपचाराचे कोणतेही साहित्य दिसले नाही. पलंग वापरात नसल्याचे आढळले. सांभाळण्यासाठी माणूस देणे पॉलिसीत बसत नाही. मागणी नामंजूर.

पलंग वापरात नसल्याचे आढळले! मित्रांनो, माझ्यावर माणसं बरी झाली आहेत. माझ्यावर माणसांनी देवाचं नाव घेत शेवटचा श्वास सोडला आहे. जिन्याखालच्या त्या वर्षांतसुद्धा मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या क्षणी ठरवलं, या माणसाला मी विसरणार नाही.

लेक आजोबांवर कडाडली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं उठायला?"

"दारात माणूस आला होता."

"माणूस नव्हता तो, तपासायला आला होता!"

"असं? मग तपासायला आलेल्याला बिस्किटं कशाला काढलीस? तीही चांगली, क्रीमची?"

लेकीने पत्राची घडी घातली आणि ती आत गेली.

सिस्टरचं येणं थांबवावं लागलं. दुकानातून आल्यावर लेक स्वतः ड्रेसिंग करू लागली, पण शिरेतलं इंजेक्शन तिला कुठून यायला? जखम पुन्हा चिघळली. ताप चढला. आजोबांच्या अंगातली धग गादीतून माझ्या पट्ट्यांपर्यंत यायची.

त्या दिवसांत दुपारी, लेक कामावर असताना, आजोबा माझा कठडा मुठीत धरून माझ्याशीच बोलायचे. "दरवान सूड कसा घेतो ठाऊक आहे का रे तुला? उर्मट गिऱ्हाईक आलं की फिरतं दार जरा जोरात ढकलायचं, म्हणजे टाचेला लागतं. पाऊस असला तर त्याच्यासाठी टॅक्सीला शिट्टी मारायची, पण टॅक्सीला ऐकू जाणार नाही इतकीच. वर 'माफ करा साहेब, आज गाड्याच नाहीत.' छत्री धरायची ती अशी, की पागोळी बरोबर त्याच्या कॉलरमध्ये." ते हसायचे आणि हसता हसता खोकायचे. "तो परत येऊ दे. फक्त एकदा येऊ दे."

माझ्या मनातलंच बोलत होते. 'पोरीची हौस' हा शब्द मी त्यांना तेव्हाच माफ करून टाकला. एकाच माणसावर डूख धरणाऱ्यांनी आपसात भांडू नये.

डॉक्टर घरी आले. जखम पाहून त्यांचा चेहरा उतरला. "अजून थोडे दिवस बघतो. ताप उतरला नाही तर भरती करावंच लागेल."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लेकीने डॉक्टरांसमोर ते पत्र धरलं. "विमा असून काय उपयोग? सगळे चोर आहेत."

"चोर असतील नसतील," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही मागितलंत काय? 'सांभाळायला सिस्टर.' अंघोळ घालणं, भरवणं, सोबत बसणं, हे सांभाळणं झालं. तुमच्या पॉलिसीत त्याला जागा नाही. दुसऱ्या कुणाच्या असेलही, तुमच्या नाही. जखमेचं ड्रेसिंग आणि शिरेतलं इंजेक्शन, हा उपचार झाला. त्याला जागा आहे. पण तो गरजेचा आहे, शिकलेल्या माणसानेच करायचा आहे आणि घरी केला नाही तर भरती करावं लागेल, हे मी लिहून द्यायला हवं. ते माझ्याकडे मागायला तुम्ही आलातच नाहीत."

"मला वाटलं, सिस्टर म्हटलं की सगळं आलं."

"आपल्या लेखी आलं. त्यांच्या लेखी सिस्टर कशासाठी, किती दिवस, हे आल्याशिवाय काही येत नाही. मी लिहून देतो. तुम्ही फेरविचाराचा अर्ज करा, लगेच. पण नुसतं लिहून भागायचं नाही. ते पुन्हा बघायला येतील, आणि त्यांना दुखणं दिसायला हवं."

भिंतीकडून आवाज आला. "म्हणजे मी पडून राहायचं?"

"हो आजोबा."

"तो आत आला तरी?"

"तो आत आला तरी."

आजोबांनी मान वळवली. तापाने तांबारलेल्या त्या डोळ्यांत मी पहिल्यांदा चमक पाहिली. "तो समोर उभा, आणि मी आडवा," ते सावकाश म्हणाले, जणू गोड गोळी जिभेवर घोळवत होते. "वा! असा सूड तर मला हॉटेलातसुद्धा सुचला नव्हता."

अर्ज गेला. लेकीने कंपनीला फोन करून करून त्यांच्या कानांचे पडदे झिजवले. त्या भागाला पाहणीसाहेब एकच होता, तेव्हा येणार तोच होता. तो दिवस ठरला. या वेळी कपाट उघडं, स्टँड माझ्या उशाशी, ट्रे टेबलावर, आणि सिस्टरला नेमकी तीच वेळ दिलेली. चादर रोजचीच, पिवळट डागांची.

सगळं झाल्यावर आजोबा म्हणाले, "पोरी, कठडे वर कर."

"कशाला बाबा? तुम्ही जागे आहात की."

"कर म्हणतो ना. दोन्हीकडचे. माझा भरवसा नाही मला."

तिने माझे कठडे वर केले. खटक, खटक. देवा, मी म्हटलं, आज माझी कडी सुटू देऊ नकोस.

बेल वाजली.

मित्रांनो, वर्षानुवर्षं लागलेली सवय काय असते, ते मी त्या क्षणी सोसलं. आजोबांच्या टाचा गादीत रुतल्या. पाठ उचलली गेली. दोन्ही हातांनी त्यांनी कठडे असे आवळले की माझा गंजका सांधा करकरला. ते थरथरत होते. दुखण्याने नव्हे. दारात माणूस होता आणि ते आडवे होते! मी कठडे घट्ट धरून ठेवले. लेकीने जाऊन दार उघडलं.

"काय आजोबा, आज उठला नाहीत?" पाहणीसाहेब हसत आत आला.

"नाही उठलो," आजोबा म्हणाले. आणि त्यांची पाठ हळूहळू माझ्यावर टेकली.

साहेबाने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर सिस्टरची पिशवी होती. लेकीने ती उचलली नाही. त्याने टेबलाकडे पाहिलं, तिथे ट्रे होता. माझ्याकडे पाहिलं, माझे कठडे वर होते. बॅग हातात धरून तो उभा राहिला.

"सिस्टर, करा सुरू," आजोबा म्हणाले.

पट्टी सुटली. वास सुटला. साहेबाचा रंग पालटला, त्याने रुमाल काढला. "तुमचं होऊ द्या, मी जरा बाहेर थांबतो."

"इथेच थांबा साहेब. मी अख्खा जन्म उभा राहिलो. तुम्हाला पाच मिनिटं जड नाही जाणार."

ड्रेसिंग चाललं होतं तेवढा वेळ आजोबांनी डोळे साहेबावरून हलवले नाहीत. कण्हणं आलं ते दाबलं नाही, सरळ त्याच्या तोंडावर सोडलं. साहेबाने डॉक्टरांचा कागद वाचला, सिस्टरला दोन-चार प्रश्न विचारले, औषधं पाहिली. मग जरा चिडूनच म्हणाला, "अहो, हे त्याच दिवशी सांगायचं होतं ना! मी काय मनाने लिहितो का? मी विचारलं, कसे आहात? तुम्ही म्हणालात, मजेत."

हे मात्र खरं होतं. लेकीने मान खाली घातली. आजोबा मग म्हणाले, "साहेब, 'कसे आहात' हे दारात विचारतात. पलंगापाशी 'कुठे दुखतं' विचारतात. तुम्ही पलंगापाशी आलात, त्याच्यावर बॅग ठेवलीत आणि गेलात."

साहेबाने घाईघाईने काहीतरी लिहिलं, वही मिटली. "बरं, येतो मी," म्हणाला आणि सवयीने थांबला. कुणीतरी सोडायला येईल असं त्याला वाटलं असावं.

आजोबा उशीवरून म्हणाले, "दार ओढून घ्या जाताना."

मी ऐकलं आणि माझ्या पोलादातून वीज सळसळली. दरवानाने पाहुण्याला असं म्हणायचं! अख्ख्या जन्मात त्यांच्या तोंडून न निघालेलं वाक्य. आणि त्या घरचं दार साधं नव्हतं. आधी जरा वर उचलावं लागायचं, मग ओढायचं. साहेब ओढतो आहे, दार पुन्हा उघडतं आहे. ओढतो आहे, पुन्हा उघडतं आहे. लेक उठायला गेली, तर आजोबांनी कठड्यातून हात काढून तिचं मनगट धरलं. "बस," ते कुजबुजले. "होऊ दे त्याचं."

अखेर दार तसंच किलकिलं टाकून तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज खाली विरेपर्यंत तिघंही कान देऊन ऐकत होती. मग सिस्टरला हसू फुटलं, तिच्यामागून लेकीला. आजोबा हसले नाहीत. ते त्या किलकिल्या दाराकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, दुखतंय का?"

"नाही गं. दार लाव. बघवत नाही."

उपचार मंजूर झाले. जखम भरेपर्यंत सिस्टर येईल, डॉक्टर मुदत लिहून देतील, असं पत्र आलं. अंघोळ आणि भरवणं लेकीच्या वाट्यालाच राहिलं, ते तिने कुणाकडे मागितलंही नाही. जखम भरली. इस्पितळ टळलं. आजोबा वॉकर धरून चालू लागले, आणि एके दिवशी दुकानदाराची माणसं मला न्यायला आली. मी रिकामा झालो, आणि मला आनंद झाला.

आता मी पुन्हा दुकानात आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी म्हातारं माणूस असेल. त्याच्या विम्यात घरच्या कोणत्या उपचाराला जागा आहे आणि कोणत्या नाही, हे ते धडधाकट असतानाच मोठ्यांना वाचायला लावा. डॉक्टरांकडून उपचार नावानिशी लिहून घ्या. आणि तपासायला कुणी आलं तर दुखणं कपाटात लपवू नका, ते काही लाजेचं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाला उठू देऊ नका.

माझ्यासाठी मागणं एवढंच आहे, की हँडलला अधूनमधून तेल घाला आणि मला पावसात ठेवू नका. मला पुष्कळ वर्षं टिकायचं आहे. सूड आजोबांचा पुरा झाला, माझा नाही. तो पाहणीसाहेब कधीतरी म्हातारा होईल, आडवा होईल, आणि त्याच्या घरचे भाड्याने पलंग शोधत याच दुकानात येतील. मी जाईन. मी त्याला नीट तोलीन, त्याची पाठ दुखू देणार नाही, कारण मला दुसरं काही येतच नाही. आणि मग एक दिवस त्याच्या दारावर बेल वाजेल, त्याला तपासायला कुणीतरी आलेलं असेल. त्या वेळी त्याच्या टाचा माझ्या गादीत कशा रुततात, ते मला अनुभवायचं आहे.